देवाचा दरबार आणि प्रवेशाची अट

ख्रिस्ताच्या नावाने स्थापन झालेल्या बंधुसंघात कोणाला घ्यावे व कोणाला दाराबाहेर ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता नियमावलीचा वाटतो. वस्तुतः तो ईश्वरविद्येचा प्रश्न आहे. संघ जी अट घालतो तिच्यावरून, ख्रिस्ताचा शिष्य कोणाला म्हणावे याविषयीची त्याची कल्पना उघड होते. या दृष्टीने आपल्याच भागातील दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत : एक १८४५ सालचे, मुंबईचे, दुसरे १९१७ सालचे, साताऱ्याचे.

डॉ. जेम्स बर्न्स हे स्कॉटलंडच्या फ्रीमेसन संघटनेचे पश्चिम भारतातील प्रमुख होते. हिंदी गृहस्थांना प्रवेश मिळावा म्हणून १८४३ साली मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघाले, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. परंतु फ्रीमेसनांच्या ‘नाइट्स टेम्प्लर’ या वरच्या पदवीला ख्रिस्ती श्रद्धेची अट होती. मध्ययुगातील टेम्प्लर संघ १३१२ सालीच बरखास्त झाला होता. या पदवीने त्याचे नाव व थाट तेवढा उचलला. बर्न्स यांनी १८३७ मध्ये त्या जुन्या संघाचा इतिहासही लिहिला होता. ख्रिस्ती नसलेल्या हिंदी सभासदांना हे दार बंद आहे हे पाहून त्यांनी १८४५ मध्ये त्यांच्यासाठी ‘ऑलिव्ह ब्रँच’ नावाचा निराळा संघ योजिला. त्यात तीन श्रेणी होत्या, आणि चोचीत जैतुनाची हिरवी डहाळी घेऊन उतरणारे कबूतर हे त्याचे चिन्ह होते. ख्रिस्ती नाहीत म्हणून ज्यांना वगळले, त्यांच्या छातीवर उत्पत्तीच्या आठव्या अध्यायातील नोहाचे कबूतर आले! संघाचे स्वागत उत्साहाने झाले, पण तो टिकला नाही.

अट घालणे हाच दोष, असे आमचे म्हणणे नाही. अमेरिकेत १८८२ साली फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी स्थापिलेला ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ हा संघ केवळ आचारनिष्ठ कॅथॉलिक पुरुषांना घेतो. पण तो कॅथॉलिक कष्टकऱ्यांच्या विधवा व अनाथ मुलांच्या आधारासाठी निघाला, म्हणून त्याची अट त्याच्या हेतूतून आलेली आहे. मुंबईच्या टेम्प्लरांची गोष्ट निराळी. तेथे श्रद्धा ही सन्मानाच्या जिन्यावरील एक पायरी झाली. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याकडून त्या अटीने नवे असे काहीच मागितले नाही. जे त्याच्यापाशी जन्मतःच होते त्याचेच मानचिन्ह केले. ख्रिस्ताचे नाव अटीत होते, परंतु त्याचा क्रूस त्या अटीत कोठे होता?

आता साताऱ्याकडे वळू. रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यापायी त्यांना घर, गोत आणि काही वर्षे पत्नीचा सहवासही गमवावा लागला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे परतल्या, पण त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, त्यांच्या स्वतःच्या खात्रीनंतर झाला. असे हे टिळक १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेतून मुक्त झाले, त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उघडला. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या शिष्यांचा बंधुसंघ, अशी त्याची कल्पना होती.

या कल्पनेवर तेव्हापासून आक्षेप आहे तो असा, की टिळकांनी दार सैल केले. आमच्या मते हा आक्षेप मुळाशी जात नाही. दरबाराने बाप्तिस्म्याची अट काढली, पण शिष्यत्वाची अट ठेवली. आणि या दोहोंत रोज पाळावयाला अवघड कोणती, हे पाळकांना सांगावयास नको. मंडळीच्या वहीत एकदा नाव चढले की ते सहसा खोडले जात नाही. शिष्यत्व मात्र दर सकाळी नव्याने सिद्ध करावे लागते. शिवाय, बाप्तिस्मा म्हणजे संघाचे प्रवेशपत्र नव्हे, हेही त्या योजनेत आपोआप राखले गेले. ज्याने बाप्तिस्म्याची पुरेपूर किंमत मोजली त्यानेच तो अटीतून वगळावा, यात बाप्तिस्म्याचा अनादर नाही. उलट त्याचे मोल ठाऊक असल्याची ती खूण आहे.

तथापि दरबाराची उणीवही स्पष्ट सांगितली पाहिजे. शिष्यत्वाची पारख कोणी व कशी करावी, याचे उत्तर टिळकांच्या व्यक्तित्वात होते, दुसरीकडे कोठे ते रुजले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले, तेव्हा दरबाराला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे तो उभा राहू शकला नाही. जो संघ एका माणसाच्या नजरेवर सभासद ओळखतो, त्याची अट त्या माणसाबरोबरच जाते. दुसरे असे की, बाप्तिस्मा न झालेला शिष्य आजारी पडला, त्याच्या मुलीचे लग्न निघाले, त्याला मूठमाती देण्याची वेळ आली, तर कोणाची मंडळी पुढे येणार? प्रभुभोजनाच्या मेजापाशी त्याची जागा कोणती? बंधुसंघ प्रेम देऊ शकतो. मंडळीची जागा मात्र त्याला घेता येत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतील कर्नेल्याचा वृत्तांत येथे दोन्ही पक्षांना आवरतो. त्याच्यावर पवित्र आत्मा आधी उतरला, पाण्याने बाप्तिस्मा नंतर झाला. म्हणून जो बाप्तिस्मित नाही त्याच्यात देव कार्य करीत नाही, असे म्हणण्याची सोय पेत्राला उरली नाही. पण आत्मा आला, आता पाणी कशाला, असेही तो म्हणाला नाही. त्याने बाप्तिस्म्याची आज्ञा केली आणि त्या घरी मुक्काम केला. टिळकांच्या दरबारात या कथेचा पूर्वार्ध आहे. उत्तरार्ध मंडळीने पुरा करावयाचा होता.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख व बौद्ध यांनाच मिळतो. बाप्तिस्मा घेणाऱ्या दलित बंधूच्या मुलांच्या सवलती त्यामुळे जातात. गुजरातच्या २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घेण्याची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो कायदा न्यायालयापुढेही गेला आहे. अशा स्थितीत उद्या बडोद्याच्या कारेलीबागेत एखाद्या मराठी उपदेशकाकडे कोणी येऊन म्हणाला, ‘मी ख्रिस्ताला प्रभू मानतो, पण बाप्तिस्मा आज घेऊ शकत नाही, तुमच्या प्रार्थनामंडळात मला जागा आहे का?’ तर त्याने काय उत्तर द्यावे?

आमचे उत्तर असे : जागा आहे. त्याला निराळे कबूतर देऊन शेजारच्या खोलीत बसवू नये. आपल्याच सतरंजीवर बसवावे. त्याला वहीतील नाव विचारण्याऐवजी आज्ञापालन विचारावे, आणि तेच आपल्या जुन्या सभासदांनाही विचारावे. त्याची पारख एकट्या उपदेशकाने करू नये, मंडळीतील वडील जनांनी मिळून करावी. बाप्तिस्म्याची घाई करू नये, आणि त्याचा विषय टाळूही नये. त्याच्या दुखण्याखुपण्यात, लग्नकार्यात व मरणात मंडळीने उभे राहावे. कारण बाप्तिस्म्याने आपण त्याला ज्या कुटुंबात बोलावतो, ते कुटुंब आहे तरी कसे, हे त्याला आधी दिसले पाहिजे.