दीडफुटी शब्द

इंग्रजीत 'सेस्क्विपेडेलियन' असे एक विशेषण आहे. बोलण्यात ते क्वचितच ऐकू येते. 'लांबलचक' किंवा 'लांबलचक शब्दांची हौस असलेला' असा अर्थ देऊन कोशकार मोकळे होतात. अर्थ चुकीचा नाही. परंतु शब्दाचे मर्म त्यात निसटते.

मूळ लॅटिन शब्द दोन पदांचा. 'सेस्क्वि' म्हणजे दीड; 'पेस' म्हणजे पाय, आणि त्यावरूनच फूट हे माप. आपल्या 'पद' व 'पाद' या शब्दांचे ते सख्खे भावंड होय. आरंभी हे विशेषण सुतार-गवंड्यांच्या व्यवहारातले. इ. स. पूर्व ५५ मध्ये सीझरने ऱ्हाइन नदीवर पूल बांधला. त्याच्या वर्णनात दीड फूट जाडीच्या लाकडी खांबांना त्याने तेच लावले आहे. तेथे थट्टेचा लवलेश नाही.

थट्टा आणली ती होरेसने. 'काव्यकला' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्यपत्रात तो म्हणतो, की शोकनाट्यातील टेलिफस व पेलेउस निर्धन आणि परागंदा झाले असता, प्रेक्षकांच्या हृदयास हात घालावयाचा असेल तर त्यांनी फुगीर भाषा व दीडफुटी शब्द टाकून द्यावेत. खांबाचे माप शब्दास लावताच तो शब्द खांद्यावरून वाहून न्यावा लागेलसा वाटतो!

तथापि होरेस मोठ्या शब्दांचा वैरी नव्हे. सुखात्मिकेतला क्रेमीस संतापला म्हणजे तोही तोंड भरून गर्जतो, हे त्याने तेथेच मान्य केले आहे. त्याचा आक्षेप लांबीवर नसून अस्थानी लांबीवर आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ज्यास औचित्य म्हटले, ते याहून फार दूर नाही. सतराव्या शतकात इंग्रजीने हे विशेषण उचलले, तेव्हा त्यातील विनोद घेतला आणि शोकाचा प्रसंग मागेच ठेवला.

'दीड'मधला उपरोध मराठीस नवा नाही. दीडशहाणा कोणास ठाऊक नाही? तरी आमच्या मृत्युलेखांत माणूस साधेपणाने मरत म्हणून नाही. त्याचे 'दुःखद निधन' होते, कुटुंब 'शोकसागरात' बुडते, 'अपरिमित हानी' तर ठरलेलीच. त्याच घरात त्या दिवशी 'बाबा गेले' एवढेच बोलले गेलेले असते. होरेसचा दाखला द्यावयाचा तो येथे. कोशातला अर्थ येथे पुरा पडत नाही.