चौकोनाचा दाब आणि विहिरीचा दाब

भूगर्भातील तेलसाठ्यांचे वर्तन संख्यात्मक रीतीने वर्तविण्याची विद्या शिकू इच्छिणाऱ्यास दोन ग्रंथ विशेष उपयोगी आहेत : डोनाल्ड पीसमन ह्यांचा १९७७ चा मूलतत्त्वविवेचक ग्रंथ आणि क्नुट-आन्द्रेआस ली ह्यांचा २०१९ चा परिचयग्रंथ. दोहोंचा पाया एकच : डार्सी ह्यांचा १८५६ चा प्रवाहनियम आणि द्रव्याच्या अक्षय्यतेचे तत्त्व. साठ्याचे लहान चौकोन कल्पून प्रत्येकाचा जमाखर्च मांडावयाचा, हे ह्या शास्त्राचे बीज होय.

भेद आहे तो शिकविण्याच्या रीतीत. पीसमन समीकरणे मांडून त्यांच्या उकलीचे स्थैर्य तपासतात. ली त्याबरोबरच तयार आज्ञावली विद्यार्थ्याच्या हाती देतात. हा मोठाच गुण आहे. परंतु पडद्यावर रंगीत चित्र उमटले की विषय समजला, असा भ्रम उतावळ्या वाचकास सहज होतो.

एक उदाहरण पाहू. सिल्लोडच्या बेसाल्टमध्ये तेल नाही. झिजलेल्या थरांत आणि भेगांत पाणी मात्र आहे. मोटर चालू असता विहिरीतील पाणी जितके खाली जाते, तितके सभोवतालच्या शिवारातील जात नाही, हे तेथील शेतकऱ्यास ठाऊक असते. हाच भेद पीसमन ह्यांनी १९७८ च्या निबंधात तेलविहिरीसंबंधी गणिताने मांडला. स्थिर प्रवाह आणि सर्वत्र समान पारगम्यता गृहीत धरल्यास, चौकोनाचा दाब म्हणजे विहिरीपासून त्याच्या बाजूच्या सुमारे ०.२ पट अंतरावरील दाब होय. बाजू १०० मीटर असल्यास हे अंतर २० मीटर येते. विहिरीची त्रिज्या ०.१ मीटर धरली, तर ह्या २० मीटरांतील दाबाची घट शेजारच्या चौकोनाच्या मध्यापासून तेथवर होणाऱ्या घटीच्या तिपटीहून अधिक भरते. लॉगॅरिथमच्या कोष्टकावर होणारा हा हिशेब ज्याने केला नाही, त्याचा उत्पादनाचा अंदाज चुकलाच म्हणून समजावे.

आणखी एक सावधगिरी हवी. लींच्या ग्रंथातील नॉर्न हे क्षेत्र नॉर्वेच्या समुद्रातील वालुकाश्माचे आहे. १९७४ मध्ये शोध लागलेल्या मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकात आहे. समीकरण एक असले, तरी खडक एक नाही.

म्हणून आमचे मत असे की, आधी पाच चौकोनांचे एकमितीय उदाहरण विद्यार्थ्याने कागदावर सोडवावे, पीसमन वाचावा, आणि मगच लींची आज्ञावली चालवावी. यंत्राचे उत्तर पारखण्याचे साधन ज्याच्यापाशी नाही, त्यास ते उत्तर मिळूनही काही मिळाले नाही.