एका नाण्याची उंची

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला गिटारचा नाद लागावा हेच मुळात विचित्र. त्यातून ज्या सिनेमामुळे तो लागला त्याचे नाव 'कर्ज' असावे, याला योगायोग म्हणायचे की पूर्वसंचित, हे ज्याचे त्याने ठरवावे. १९८० सालचा हा सिनेमा मी पुष्कळ नंतर, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. त्यात ऋषी कपूर गिटारवर एक धून वाजवतो आणि ती ऐकून खुनी बाईच्या तोंडचे पाणी पळते. गिटारने माणसाच्या तोंडचे पाणी पळते, हे पुढे आमच्या वाड्यानेही अनुभवले. फरक एवढाच, की आमच्या वाड्यात कुणी खून केलेला नव्हता.

१९९९ साली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, मोडीत निघालेल्या एका ऑर्केस्ट्राकडून मी एक इलेक्ट्रिक गिटार घेतली. लालभडक, आरशासारखी चकचकीत. चार महिने नेटाने वाजवली. बोटांच्या टोकांना चरे पडले. तार दाबताना दात आपोआप आवळले जात, आणि एवढे करून निघणारा आवाज कडक भाकरी मोडल्यासारखा! शेवटी वडील म्हणाले, "अरे, ज्याच्या अंगात असतं त्यालाच येतं ते." मला पटले. माझ्या अंगात डेबिट-क्रेडिट होते. गिटार माळ्यावर गेली, मी बँकेत गेलो.

पंचवीस वर्षांनी आमच्या कन्येने ती खाली काढली. नववीतली पोर, हौस दांडगी. तीन आठवड्यांनी लाल झालेली बोटे माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाबा, माझ्यात नाहीच ते. देऊन टाका कुणाला तरी."

वडिलांचे वाक्य माझ्या जिभेवर आलेच होते. पण बँकेत एक सवय लागते. हिशेब जुळला नाही, तर लिहिणाऱ्याची अक्कल काढण्याआधी खतावणी तपासायची. म्हटले, आधी गिटार तपासू.

तपासायची तर तुलनेला दुसरी हवी. शेजाऱ्यांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. तो दिवाळीला येताना आपली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर घेऊन आला, आणि बरोबर एक मित्र, त्याच्या गळ्यात गिब्सनची लेस पॉल. या दोन गिटारींचे दोन पंथ आहेत आणि त्यांचे आपसात पटत नाही, हे मला त्या दिवशी कळले. चहा गार झाला, चिवडा संपला, वाद संपेना.

त्यातले मला समजले ते असे. लेस पॉल १९५२ सालची, स्ट्रॅटोकास्टर १९५४ सालची. दोन्ही आतून भरीव. तार लोखंडी, तिच्याखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते आणि तिचा आवाज अँप्लिफायर करतो. फेंडरची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीस. पाऊण इंचाचा फरक तो काय, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण सूर तोच ठेवायचा तर लांब तार जास्त ताणावी लागते. त्यामुळे फेंडरची तार बोटाखाली कडक लागते, गिब्सनची मऊ; मींड ओढायला गिब्सन बरी. उलट गिब्सन वजनाला भारी. तासभर गळ्यात अडकवली की सिलिंडर उचलून आणल्यासारखे वाटते. फेंडरला पोटाच्या बाजूने खोलगट कापलेले आहे, त्यामुळे माझ्यासारख्या बसून नोकरी करणाऱ्याच्या देहाशीही ती मिळतेजुळते घेते. मात्र तिच्या एकेरी वेटोळ्यातून घरातल्या विजेचा गुंगुं असा सूर सतत येतो. गिब्सनने १९५७ पासून दुहेरी वेटोळे बसवून तो घालवला.

आणखी एक गोष्ट कळली आणि मी खुर्चीतून उठलोच. ज्याच्या नावाची ही फेंडर, तो लिओ फेंडर शिक्षणाने हिशेबनीस! कॅलिफोर्नियात खतावण्या लिहायचा. मंदीत नोकरी गेली, तेव्हा त्याने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॉमर्सच्या माणसाची मान इतकी ताठ मी अर्थसंकल्पाच्या दिवशीही पाहिलेली नाही.

मग दोन्ही गिटारी मी आळीपाळीने मांडीवर घेतल्या, आणि खरे सांगतो, दोन्ही पंथांचा वाद मी विसरलो. बोट तारेवर ठेवले आणि ती दबली. बस्स. दात आवळावे लागले नाहीत. खिशातून रुपयाची नाणी काढून मधल्या बाराव्या पडद्यावर, तारेखाली सरकवून पाहिली. फेंडरखाली एक नाणे जेमतेम गेले. गिब्सनखाली तेवढेच. माझ्या लालभडक गिटारखाली तीन नाणी गेली आणि वर वारा खेळायला जागा उरली. तीन नाण्यांची उंची म्हणजे साधारण चार मिलिमीटर. पंचवीस वर्षे मी ज्याला अंगात नसणे म्हणत होतो, ते या फटीत होते.

दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. त्यांचा हात मिरजेत सतार-तंबोऱ्यांवर तयार झालेला. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातात, हे सोलापूरकराने अभिमानाने सांगायला हरकत नाही. चाचांनी गिटारकडे पाहिले, एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली आणि म्हणाले, "साहेब, ही धनुष्य झाली की हो! माळ्यावर होती ना? पत्र्याखाली?" सोलापूरचे पंचवीस उन्हाळे, चाळीसच्या वर पारा, लाकूड वाळून वाकणारच.

त्यांनी दांडीतली लोखंडी सळई पिळून दांडी सरळ केली. बाहेर आलेल्या पडद्यांची टोके घासली, वरच्या पट्टीतल्या खाचा खोल केल्या, घोडी खाली घेतली आणि जाड तारा काढून बारीक चढवल्या. "तंबोऱ्याची जवारी लागली नाही तर पन्नास हजाराचा तंबोराही पत्र्यासारखा वाजतो," ते म्हणाले. "लोक लाकूड बघतात, साहेब. बोट उंची बघतं." मजुरी साडेचारशे रुपये.

आता माझे परीक्षण ऐका. फेंडर आणि गिब्सन आमच्या लालभडक बाईपेक्षा चांगल्या आहेत, यात वाद नाही. त्यांच्या खुंट्या सूर धरून ठेवतात. आमची दर दोन गाण्यांनी उतरते. त्यांचा आवाज भरदार, आमचा अजून जरा किनरा. पण हे सगळे ऐकणाऱ्याचे सुख झाले. वाजवणाऱ्याचे सुख निराळे आहे. जी वाजवताना अजून एकदा वाजवावीशी वाटते, ती गिटार चांगली. किमतीची पाटी या बाबतीत फारशी खरे बोलत नाही. तेव्हा मुलाला वाद्य घेऊन द्याल, तर आधी तारेखाली नाणे घालून पाहा आणि मगच त्याच्या अंगात काय आहे ते काढा. माझ्या वडिलांना हे ठाऊक नव्हते. सांगायला आज ते नाहीत, एवढेच राहून राहून वाटते.

परवा बँकेतून घरी आलो तर आतल्या खोलीतून 'कर्ज'ची ती धून येत होती. अडखळत, पण ओळखू येईल अशी. मी चप्पल न काढता दारातच उभा राहिलो. थोड्या वेळाने म्हटले, "बेटा, दे जरा मला."

"थांबा हो बाबा, अजून पाचच मिनिटं," आतून उत्तर आले.

त्याला दीड तास झाला. माझे १९९९ चे कर्ज असे फिटते आहे. व्याज सध्या शेजारी भरतात.