आगाशीचा श, नंदाखालचा ल

विरार स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून नंदाखालला येताना मी दुतर्फा पाट्या वाचत येतो. बोळिंज, उमराळे, अर्नाळा, आगाशी, नंदाखाल. एखादा देवनागरी फॉन्ट मराठीसाठी घडवला आहे की नाही, हे ताडायला मला ही पाच नावे पुरतात. पहिल्या तिन्हींत ळ आहे, आगाशीत श आहे आणि नंदाखालच्या शेवटी ल. 'अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर' असे लिहिले की रफार आणि अर्धा र दोन्ही एकाच ओळीत येतात. जो फॉन्ट एवढ्यातून सुखरूप पार पडला, तो आपला.

अलीकडे रस्त्यावरच्या एका बँकेची पाटी बदलली. अक्षर देखणे होते, जाडी सगळीकडे सारखी, शिरोरेषा सरळ, इंग्रजी नावाशी छान जुळलेली. बँकेचा स्वतःचा खास फॉन्ट असावा, कारण तेच वळण एटीएमच्या पडद्यावर आणि पासबुकाच्या वेष्टनावरही होते. पण नंदाखालच्या ल ला उजवीकडे उभा दंड होता आणि ळ ची दोन वेटोळी एकमेकांना चिकटून गाठ झाली होती. हिंदीत ळ लागत नाही, म्हणून आराखड्यात तो शेवटी आला असणार आणि घाईत उरकला गेला असणार. पाटीखाली ओटीवर केळी आणि भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांना त्यात काही खटकले नसेल. मला खटकले, आणि कंपन्यांच्या मालकीच्या अक्षरांबद्दल लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

ल आणि श चा प्रश्न हौसेचा नाही. राज्य शासनाने २००९च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवताना पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपे मानली. शाळेत मुले तीच गिरवतात. तंत्राचीही अडचण नाही. ओपनटाइप फॉन्टमध्ये एकाच ल ची दोन्ही रूपे ठेवता येतात, मजकुराची भाषा मराठी आहे एवढे सांगितले की मराठी रूप आपोआप येते. फक्त ते रूप कोणीतरी आधी काढलेले असावे लागते आणि मजकूर लावणाऱ्याने भाषा मराठी अशी नोंदवावी लागते. बहुतेक ठिकाणी यातली एक तरी गोष्ट राहून जाते.

जपानकडे पाहिले की आपली सबब फार लंगडी वाटते. तिथे नेहमीच्या वापराच्या जेआयएस एक्स ०२०८ या प्रमाणात ६,८७९ चिन्हे आहेत, त्यांपैकी ६,३५५ कांजी. कंपनीसाठी नवे जपानी अक्षर म्हणजे इतक्या आकृत्या काढणे. तरीही 'ॲक्सिस' या डिझाइनच्या मासिकासाठी टाइप प्रोजेक्टने २००१च्या सुमारास स्वतंत्र फॉन्ट केला, सोनीने स्वतःचा एसएसटी करवून घेतला, आणि टाइप प्रोजेक्टने तर योकोहामा आणि नागोया या शहरांची अक्षरे काढायला घेतली. देवनागरीत सगळी जोडाक्षरे आणि मात्रा धरूनही काम काही शेकड्यांत, फार तर हजाराच्या घरात जाते. मराठीसाठी त्यात वाढ किती? ल, श, त्यांची जोडाक्षरे, अर्धा र, ॲ, आणि नीट काढलेला ळ. आठवडाभराचे काम.

आपल्याकडे कसब कमी आहे असे म्हणायला जागा नाही. र. कृ. जोशी कवी होते, सुलेखनकार होते, आयआयटीत शिकवत होते. त्यांच्या आराखड्यावरून झालेला 'मंगल' मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर घरोघरी नेला. तो त्या काळच्या ठळक ठिपक्यांच्या पडद्यासाठी होता आणि त्या कामात चोख होता. सरकारी कचेऱ्यांनी तोच छापील पत्रांना लावला, त्याचा दोष जोशींचा नाही. आज मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू' दुकानांच्या फलकांपासून निवडणुकीच्या बॅनरपर्यंत सगळीकडे दिसतात, कारण ते खुले आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कोहिनूर' ॲपलच्या उपकरणांत आहे. लहान आकारात तो अतिशय सुवाच्य वाटतो, पण त्याच्या नादी लागून सगळ्या नव्या ब्रँडांची देवनागरी एकाच साच्यातली झाली, कोपरे गोल, रेघ एकसारखी. बोरूच्या कापलेल्या टोकातून आलेली जाड-बारीक चाल त्यात उरत नाही. इंग्रजी अक्षराशी जुळवून घेण्यात देवनागरीनेच दर वेळी अंग चोरायचे, हे मला मान्य नाही.

खासगी अक्षर सार्वजनिक कसे होते, याचा मोठा धडा मुंबईतच घडला. जावजी दादाजींनी १८६४मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना. राणूजी आरूंनी कोरलेले ते खिळे जावजींच्या स्वतःच्या पंचांगासाठी, पोथ्यांसाठी होते. पण जावजी ते इतर छापखान्यांना विकत. म्हणून एका कंपनीचे वळण सगळ्या मराठी वाचकांचे वळण झाले. त्याआधी, १६१६मध्ये, 'क्रिस्तपुराण' मराठीत असूनही रोमन लिपीत छापावे लागले होते, कारण गोव्यात मराठी खिळेच नव्हते. आम्हा ख्रिस्ती मराठी माणसांना खिळ्यांच्या अभावाची किंमत तेव्हापासून ठाऊक आहे.

संगणक आल्यावर कुलूप लागले ते वेगळेच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या नंदाखालचे. १९८३ ते २००७ ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. त्याच वर्षांत मराठी नियतकालिके शिशाच्या खिळ्यांवरून डीटीपीवर गेली. डीटीपीचे फॉन्ट कंपन्यांच्या मालकीचे आणि प्रत्येकाची संकेतप्रणाली निराळी. माझ्याकडे गावातल्या एका स्मरणिकेची १९९८ची फाइल आहे. ती उघडली की 'क' च्या जागी रोमन एच आणि त्याला लागून डॉलरचे चिन्ह दिसते. सुरुवातीला मला ते बिघडलेले वाटले. नंतर उलगडले की एच म्हणजे 'क' चा डावा भाग आणि दंड, डॉलर म्हणजे उजवीकडचे आकडे. 'फ' लाही तेच आकडे लागतात, म्हणून एकाच तुकड्यात दोघांचे भागवलेले. दोनशेच्या आसपास जागांत देवनागरी बसवायची तर असेच तुकडे करावे लागत. करणाऱ्याची हुशारी वाखाणण्यासारखी होती. पण तो फॉन्ट गेला की पानावर डॉलरच डॉलर उरतात, आणि त्या काळातल्या गावोगावच्या स्मरणिका, पुस्तिका, संस्थांचे अहवाल याच अवस्थेत पडून आहेत. युनिकोडने हे कुलूप उघडले. आता मालकी उरली ती आकाराची, मजकुराची नाही. हा फार मोठा फरक आहे.

म्हणून कंपनीने स्वतःचे अक्षर करवून घेऊ नये, असे मी म्हणत नाही. त्या पैशातूनच चांगले काम उभे राहते. हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मूर्ती क्लासिकल लायब्ररीसाठी फिओना रॉस आणि जॉन हडसन यांच्याकडून देवनागरी करवून घेतली. पुढे तिचेच खुले रूप 'टीरो देवनागरी' म्हणून आले, तेही हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा तीन वेगळ्या फॉन्टांत. त्यातल्या मराठीचा ल पाहून मला घरचा माणूस भेटल्यासारखे झाले. आयबीएमने आपला 'प्लेक्स' खुला केला आणि त्यात देवनागरीही दिली, जपानीही. आपल्या राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' तर मराठीच डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. या राज्यात ठेवी गोळा करणाऱ्या बँकांनी आणि रिचार्ज विकणाऱ्या कंपन्यांनी फॉन्ट करवून घेताना कागदावर एवढे लिहून घ्यावे: मराठी रूपे आधी, ळ मराठी माणसाला दाखवून, आणि काही वर्षांनी फॉन्ट खुला.

स्मरणिकेची ती फाइल मी आता मूळ छापील प्रत शेजारी ठेवून 'टीरो'मध्ये पुन्हा कंपोझ करतो आहे. काल दिवंगतांच्या यादीपाशी आलो. दर ओळीच्या शेवटी गावाचे नाव आहे, आणि ल दोन पाकळ्यांचा उमटतो.