सहलीचे सौंदर्यशास्त्र आणि उसातले दगड

दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपण सारेच वापरतो. पण ती कोणाच्या तोंडची आहे, हा प्रश्न मराठी समीक्षेला फारसा पडलेला नाही. डोंगरावरून मोळी आणणाऱ्या बाईला डोंगर साजरा दिसायला उसंत नसते. साजरेपणासाठी अंतर लागते, आणि अंतर ठेवण्याची सोय सर्वांना नसते. ज्याला सोय असते त्याच्या दृष्टीला आपण सौंदर्यदृष्टी म्हणत आलो. या विधानाची प्रचीती मला महाराष्ट्रात नव्हे, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर आली. म्हणून हा लेख एखाद्या पुस्तकाविषयी नसून एका सहलीविषयी आहे. सहलही वाचता येते. तिचा क्रम ठरलेला असतो. काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हेही कोणीतरी ठरवलेले असते. मग तिची समीक्षा का करू नये?

एका परिसंवादाच्या निमित्ताने मी तेथे गेलो होतो. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला आणि विमानात बसणाराही पहिलाच. परिसंवाद संपल्यावर एक दिवस मोकळा होता. ‘बेटाचा ग्रामीण भाग पाहा’ अशा जाहिरातीची एकदिवसीय सहल मी घेतली. गाडीत आम्ही सातजण होतो. सकाळी पांप्लमूसचे वनस्पतिउद्यान, त्यातली परातीएवढ्या पानांची कमळे. मग जवळच बो प्लाँ येथील जुन्या साखर कारखान्यातले संग्रहालय. दुपारनंतर मोका येथील यूरेका नावाची, 1830 सालची वसाहतकालीन हवेली. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, उसाच्या पलीकडे निळे डोंगर, आणि मधूनच बंद पडलेल्या कारखान्यांची एकाकी धुराडी. गाडीतले लोक त्या धुराड्यांचीही छायाचित्रे घेत होते. मीही घेतली, हे येथे कबूल केले पाहिजे.

उसाच्या शेतांत ठिकठिकाणी काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी दिसत होत्या. काही तर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या, लहान मनोऱ्यांसारख्या. बेट ज्वालामुखीतून झालेले आहे. दगड आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचाच भाऊ. एका बाईंनी विचारले, ही देवळे आहेत का? मार्गदर्शक म्हणाला, नाही, शेत मोकळे करण्यासाठी वेचलेले दगड आहेत. एवढे बोलून तो पुढच्या थांब्याकडे वळला. मला मात्र पुढचा सारा दिवस ते दगडच दिसत राहिले. कारण त्या सबंध निसर्गदृश्यात तीच एक गोष्ट अशी होती, की जी दृश्य म्हणून कोणी मांडलेली नव्हती. माणसाच्या हातांनी उचलून ठेवलेला तो हिशेब होता.

तो हिशेब थोडक्यात असा. ऊस या बेटावर डचांनी सतराव्या शतकात जावाहून आणला. पुढे फ्रेंच आले. 1735 पासून माहे द ला बूर्दोने याच्या कारकिर्दीत साखरेच्या धंद्याने मूळ धरले, आणि त्यासाठी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणली गेली. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. 1 फेब्रुवारी 1835 रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक माणसे कागदोपत्री मुक्त झाली. नुकसानभरपाई मिळाली ती मात्र मालकांना. गुलामांना छदामही नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना आणखी काही वर्षे त्याच मालकांकडे राबवले गेले. रिकाम्या होणाऱ्या मळ्यांसाठी माणसे हवी होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून छत्तीस हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्या दिवसापासून 1920 पर्यंत सुमारे पाच लाख माणसे या बंदरातून गेली. बहुतेक याच बेटावर राबली, काही पुढच्या वसाहतींत पाठवली गेली. त्यांतली काही मुंबई बंदरातून चढली होती. रत्नागिरीची, साताऱ्याची माणसे होती ती.

करार पाच वर्षांचा. सुरुवातीच्या काळात पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. याला ‘डबल कट’ म्हणत. करार संपलेल्या मजुरांवर 1867 च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना लादला. तो जवळ नसला की भटक्या ठरवून अटक. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या माणसाने मजुरांचे गाऱ्हाणे अर्जाद्वारे मांडले. पुढच्या वर्षी राजाज्ञेने चौकशी आयोग नेमला गेला. दगड वेचले ते आधी गुलामांनी आणि नंतर या माणसांनी.

‘डबल कट’ हा शब्द वाचला तेव्हा मला दुसरा एक शब्द आठवला. तो शब्द ‘खाडा’. माझी माय ऊसतोडीला जात असे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजायचा, आणि कारखान्याच्या फडावर पाचटाच्या कोपीत सहा महिने काढायचे. आजारपणाने, बाळंतपणाने, पाळीच्या दुखण्याने एक दिवस खाडा पडला, की उचलीवर दंड चढायचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या आणि सरकारला समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी हा खाडाच आहे. गिरमिट आणि उचल एकच आहेत असे मी म्हणत नाही. उचलीच्या माणसाला समुद्र ओलांडावा लागत नाही, आणि हंगाम संपल्यावर तो गावी परततो, जरी पुढची उचल डोक्यावर घेऊन परतत असला तरी. पण गैरहजेरीचा दंड मजुरीहून मोठा ठेवायचा, हे दोन्हीकडचे गणित एकच आहे. आणि दोन्हीकडे ऊस सारखाच हिरवा दिसतो.

बो प्लाँचे संग्रहालय वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1999 मध्ये बंद पडलेल्या कारखान्यात ते 2002 साली उघडले. तेथे गुलामगिरीही फलकांवर आहे, गिरमिटही आहे. आपल्याकडच्या किती साखर कारखान्यांच्या आवारात ऊसतोड कामगाराच्या नावाचा एक फलक आहे? संस्थापकांचे पुतळे मात्र असतात. तेव्हा माझा आक्षेप तेथे माहिती नाही असा नाही. आक्षेप रचनेला आहे. वाचत वाचत आपण पुढे सरकतो, वेदना फलकावर मागे राहते, आणि शेवटच्या दालनात जिभेवर निरनिराळ्या साखरा आणि रम ठेवली जाते. दुःख वाचायचे असते, साखर चाखायची असते. सहलीचा शेवट चवीवर होतो. यूरेका हवेलीत दारे किती, तर एकशे नऊ, असे अभिमानाने सांगितले जाते. दारे मोजली जातात. ती रोज उघडणारे आणि पुसणारे हात मोजले जात नाहीत.

अशी सहल का निर्माण होते, याचेही कारण आहे. युरोपशी झालेल्या 1975 च्या करारामुळे मॉरिशसच्या साखरेला चढा, बांधलेला भाव मिळत होता. 2006 पासून युरोपने भाव छत्तीस टक्क्यांनी उतरवायला घेतला आणि 2009 मध्ये तो करारच संपला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बेटावर अडीचशेहून अधिक कारखाने होते. आज ते बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ऊस विकून पुरेसे मिळेना, तेव्हा ऊस दाखवणेही विकायला आले. मळ्यांच्या काही जमिनींवर परदेशी धनिकांसाठी बंगले आणि गोल्फची मैदाने झाली. जमीन मात्र बऱ्याच अंशी जुन्याच घराण्यांकडे राहिली. 2009 ते 2011 या काळात तेथे सत्य व न्याय आयोग बसला. गुलामगिरी आणि गिरमिट यांच्या परिणामांची चौकशी त्याने केली, आणि जमिनीचा प्रश्न त्याच्यासमोर प्रामुख्याने आला. सहलीत तो आयोग नाही. आज तेथील कापडाच्या कारखान्यांत राबणारे बांगलादेशी कामगारही नाहीत.

येथे मराठी प्रवासवर्णनाकडे वळले पाहिजे. ‘माझा प्रवास’पासून ‘अपूर्वाई’पर्यंत या वाङ्मयप्रकाराची थोरवी मी नाकारत नाही. पण त्याचा नायक कोण? ज्याच्याकडे रजा आहे, परतीचे तिकीट आहे, आणि परक्या गावात आपल्याला पाणी मिळेल याची खात्री आहे, तो. या खात्रीचे नाव आपल्या समीक्षेने ‘प्रसन्न वृत्ती’ असे ठेवले. बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आपण आत्मकथन म्हणून वाचतो. ते प्रवासवर्णन म्हणून का वाचत नाही? 1901 मध्ये मसूर स्टेशनावर उतरलेल्या मुलांना जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी स्वतः हाकावी लागली, आणि वाटेत पाणी मिळाले नाही. 1934 मध्ये बाबासाहेब कार्यकर्त्यांसह वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. ती तर सरळ सहलच होती! दाराजवळच्या हौदात हातपाय-तोंड धुतले म्हणून पाणी बाटवल्याचा गलका झाला. प्रस्थापित प्रवासवर्णनात किल्ला दिसतो. या लेखनात किल्ल्याआधी हौद दिसतो. प्रवासवर्णनाच्या व्याख्येत हा हौद बसत नसेल, तर व्याख्या बदलली पाहिजे.

आमचा मार्गदर्शक मराठी वंशाचा निघाला. क्रिओल त्याची घरची भाषा. मराठी तो शाळेत थोडी शिकलेला. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातला जाखडी नाच त्याच्या गावात अजून होतो, हे त्याने आनंदाने सांगितले. मी त्याला पूर्वजांचे गाव विचारले. ठाऊक नाही म्हणाला. धीर करून जात विचारली. तो हसला. “आम्ही मराठी,” एवढेच म्हणाला. त्या उत्तराचा मला हेवा वाटला. जहाजाच्या तळघरात एकत्र जेवलेली माणसे ‘जहाजी भाई’ झाली. जे आपल्या संतांना गावात करता आले नाही ते समुद्राने थोडेफार केले, असे क्षणभर वाटले. परंतु हा निष्कर्ष घाईचा ठरेल. उत्तर हिंदुस्थानातून गेलेल्यांच्या वंशजांत ‘वैश’, ‘रजपूत’, ‘रविवेद’ ही नावे तेथील राजकारणात आजही ऐकू येतात. मजुरांच्या नोंदवह्यांत नाव, बाप, वय, गाव यांच्याबरोबर जातीचा रकाना होताच. त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. यूरेका हवेलीही मोक्यातच आहे. सहल हवेलीकडे जाते, वह्यांकडे जात नाही.

कोणी म्हणेल, सुट्टीच्या दिवशीही तुम्ही आपली जखम बरोबर नेता. समुद्र कधी नुसता पाहणार? हा प्रश्न मी टाळत नाही. आमच्या माणसांनाही समुद्र पाहायचा आहे. माझ्या मायेने तो अजून पाहिलेला नाही, आणि तिला तो दाखवायची माझी इच्छा आहे. सौंदर्य नाकारणे हा आपला विद्रोह नव्हे. श्रम पुसून जे सौंदर्य उभे केले जाते, ते नाकारणे हा आपला विद्रोह आहे.

घरी आल्यावर मी तिला छायाचित्रे दाखवली. कमळे पाहून ती “लई मोठाली” म्हणाली. हवेलीवर काही बोलली नाही. उसाच्या चित्राशी थांबली. त्यातली दगडांची रास बोटाने दाखवून तिने विचारले, “येवढे धोंडे कुनी येचले रं?” सबंध दिवसात गाडीतल्या सात माणसांपैकी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ‘शेत मोकळे करण्यासाठी’ या उत्तराने मीही गप्प बसलो होतो. ते उत्तर ‘कशासाठी’ याचे होते, ‘कोणी’ याचे नव्हते. पदवीने मला पाहायला शिकवले असे मी समजत होतो. कोठे पाहायचे ते मात्र मायेला माझ्याआधी ठाऊक होते.

तेव्हा आपल्या समीक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे. निसर्गवर्णन वाचताना त्यातले दगड कोणी वेचले ते विचारा. वडार, ऊसतोड मजूर, गिरमिटिये यांच्या स्थलांतराच्या कहाण्या प्रवासवाङ्मय म्हणून गोळा करा. 1977 मध्ये ‘लाल पसीना’ ही कादंबरी लिहून मॉरिशसच्या अभिमन्यू अनत यांनी हे काम हिंदीत केले. मराठी मजुरांचे तसे काम मराठीत व्हायला हवे. आणि त्याची सुरुवात मोक्याच्या नोंदवह्यांतील गावांच्या आणि जातींच्या रकान्यापासून करता येईल.