घामाचे मोल आणि जन्माचे माप : काही जपानी चित्रमालिकांविषयी

आपली समीक्षा प्रामुख्याने कविता, कथा आणि आत्मकथने यांभोवती फिरत राहिली. त्या काळी ते आवश्यकच होते. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपल्या वस्त्यांत वाढणारी मुलेमुली आज ज्या कथांवर पोसली जात आहेत, त्या पुस्तकांत सापडत नाहीत. त्या जपानात तयार होतात, हिंदीत बोलतात किंवा खाली इंग्रजी अक्षरांची पट्टी घेऊन जपानीतच बोलतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर पाहिल्या जातात. एक भाग वीस-बावीस मिनिटांचा. बदलापूरला लोकलमध्ये चढलेला विद्यार्थी कल्याण येईतो एक भाग संपवतो. या मालिकांना ॲनिमे म्हणतात, एवढे आता पालकांनाही ठाऊक झाले आहे.

आपल्यातील जाणते कार्यकर्ते 'पोरांची कार्टुने' म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवतात. हे परवडणारे नाही असे माझे मत आहे. कारण यांतील पुष्कळ मालिकांचा, आणि खेळावरच्या मालिकांचा तर सर्वस्वी, विषय एकच आहे : माणसाची किंमत जन्माने ठरते की मेहनतीने? या प्रश्नावर आपण तीन पिढ्या भांडलो आहोत. तेव्हा आपली मुले त्याचे कोणते उत्तर रोज ऐकत आहेत, हे पाहावयास हवे. विद्यार्थ्यांनी आग्रहाने सुचविलेल्या आणि मी गेल्या काही महिन्यांत पाहिलेल्या मालिकांविषयी येथे लिहीत आहे.

सध्या सर्वांत बोलबाला आहे तो 'ब्ल्यू लॉक' या फुटबॉलवरील मालिकेचा. मूळ चित्रकथा २०१८ पासूनची, मालिका २०२२ पासूनची. जपानला विश्वचषक जिंकून देईल असा एकच आघाडीचा खेळाडू घडविण्यासाठी तीनशे शाळकरी मुलांना एका बंदिस्त वास्तूत आणले जाते. जो बाद होईल तो राष्ट्रीय संघाला जन्माचा मुकेल. नायक इसागी हा सुरुवातीलाच एक सामना हरून आलेला आहे. गोल समोर असताना त्याने चेंडू सोबत्याकडे दिला, सोबत्याचा नेम चुकला. मालिकेच्या लेखी इसागीचा अपराध हाच : त्याने चेंडू दिला. मग पुढचे सारे शिक्षण चेंडू न देण्याचे.

मुलांना हे का आवडते, हे समजून घेतले पाहिजे. तेथे आडनाव कोणी विचारत नाही, क्रमांक विचारतात, असे ती सांगतात. महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी आडनावावरून चेहरे बदलताना ज्याने पाहिले आहेत, त्याला सर्वांना एकसारखा गणवेश आणि पाठीवर आकडा असलेली ती वास्तू मुक्तीची जागा वाटली तर त्याला हसू नये. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणाऱ्या मुलामुलींना तर ती स्वतःचीच गोष्ट वाटते.

पण हा आकडा कसा चालतो ते पाहा. इसागीचा क्रमांक २९९. त्याच्याखाली एकच जण, तीनशेवा. आपण शेवटून पहिले नाही, शेवटून दुसरे आहोत, या समाधानावर प्रत्येकाला उभे केले आहे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे इतके स्वच्छ चित्र मी पडद्यावर क्वचितच पाहिले. वरच्याला आव्हान देण्यापेक्षा खालचा खालीच राहिला पाहिजे, याची चिंता मोठी. पहिली परीक्षादेखील कसली? चेंडू ज्याला लागेल त्याच्यावर राज्य, वेळ संपताना ज्याच्यावर राज्य असेल तो बाहेर. मराठीत या खेळाला शिवाशिवी म्हणतात, आणि हा शब्द आपल्या कानाला नुसता खेळाचा वाटत नाही. मालिकेला या सगळ्याची भीषणता कळते की काय, असे मधूनच वाटते. पण ती लगेच त्या भीषणतेच्या प्रेमात पडते. चित्रण वेगवान आहे, डोळ्यांना गुंतवून ठेवते. आशय मात्र क्लासच्या जाहिरातीचा आहे.

तिच्या शेजारी 'हायक्यू' ठेवून पाहावी. हारुइची फुरुदाते यांची ही व्हॉलीबॉलची कथा २०१२ ते २०२० या काळात चालली. मालिका २०१४ पासून आली, चित्रपट २०२४ मध्ये. नायक हिनाता जेमतेम १६३ सेंटिमीटर उंचीचा, आणि खेळ उंच माणसांचा. दुसरा नायक कागेयामा असामान्य कौशल्याचा, पण हुकूमशहा. त्याने उचलून दिलेल्या चेंडूवर एकदा त्याच्या सोबत्यांनी उडीच मारली नाही, चेंडू रिकाम्या जागी पडला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. घोषणा नाही, भांडण नाही. राबणाऱ्यांनी फक्त हात आखडता घेतला आणि राजाचे राज्य संपले. व्हॉलीबॉलचा नियमच असा की चेंडू हातात धरून ठेवता येत नाही आणि एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा मारता येत नाही. दुसऱ्यावाचून चालतच नाही. लेखकाने हा नियम कथेचा कणा केला आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाने जागा घेतल्यामुळे कडेला बसावे लागलेला सुगावारा, केवळ एका सर्व्हिससाठी मैदानात बोलावला जाणारा यामागुची, यांनाही येथे माणूस म्हणून पूर्ण जागा मिळते. प्रतिस्पर्धी संघ हरतो तेव्हा मालिका त्याच्याबरोबर थांबते.

तरीही एक तक्रार आहे. या मुलांना घर नाही. म्हणजे छप्पर आहे, घरातले काम नाही. उल्हासनगरात जीन्स शिवण्याचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. ज्या घरात आई आणि बहीण धागा कटिंगचे गठ्ठे घेऊन बसतात, त्या घरातल्या मुलाने संध्याकाळी सरावाला जाणे म्हणजे घरातले दोन हात कमी होणे. बुटांचे पैसे, जाण्यायेण्याचे पैसे, टर्फचे तासाचे भाडे हे प्रश्न 'हायक्यू'त उद्भवत नाहीत. आणि मुली? त्यांच्या शाळेला मुलींचा संघ आहे. तो एका भागात हरतो आणि कथेतून निघून जातो. उरलेल्या दोघी बाटल्या भरतात, टॉवेल देतात, नोंदी ठेवतात. मुलांच्या बरोबरीने मैदान मागणाऱ्या आपल्या मुली ही मालिका इतक्या जीव लावून पाहतात, याचे मला कौतुकही वाटते आणि वाईटही.

'नारुतो'विषयी थोडक्यात. ती खेळाची मालिका नव्हे, पण तिच्यात परीक्षा आहेत, गुण आहेत, आणि ह्यूगा नावाचे एक घराणे आहे. त्या घराण्याच्या धाकट्या शाखेत जन्मलेल्या मुलाच्या कपाळावर दास्याची खूण कोरतात. थोरल्या शाखेतल्याने मनात आणले तर त्या खुणेतून तो त्याला वेदना देऊ शकतो. या शाखेतला नेजी म्हणतो की नशीब जन्मानेच ठरते. अनाथ, गावाने वाळीत टाकलेला नारुतो त्याला हरवतो. आपली मुले येथे टाळ्या वाजवतात आणि योग्यच करतात. पुढे मात्र उघड होते की नारुतो गावाच्या चौथ्या प्रमुखाचा मुलगा आहे, आणि त्याहून पुढे, एका प्राचीन पुरुषाचा पुनर्जन्मही आहे. म्हणजे वंश आला आणि पूर्वजन्मही आला. कर्मसिद्धान्त पुढच्या दाराने हाकलून मागच्या दाराने घरात घेतला. हा दगा शेकडो भाग पाहिल्यावर होतो, म्हणून तो अधिक खुपतो.

आता ज्या मालिकेसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे वळतो. 'आशिता नो जो', म्हणजे 'उद्याचा जो'. इक्की काजिवारा यांनी आसाओ ताकामोरी या नावाने लिहिलेली आणि तेत्सुया चिबा यांनी चितारलेली ही मुष्टियोद्ध्याची कथा १९६८ ते १९७३ या काळात साप्ताहिकातून आली. ओसामु देझाकी यांनी दिग्दर्शित केलेली ७९ भागांची मालिका १९७०-७१ मधली. आजच्या मुलांना तिची चित्रे जुनाट वाटतात. रंग मळकट, रेषा खरखरीत. पण ज्या वस्तीत ती घडते तिला तोच रंग शोभतो.

अनाथ, भटका जो याबुकी टोकियोच्या सान्या भागात येतो. सान्या म्हणजे रोजंदारीच्या मजुरांची वस्ती. पहाटे उभे राहायचे, मुकादमाने बोट दाखवले तर काम, नाहीतर उपास. अंबरनाथ-बदलापूरच्या नाक्यांवर थापी आणि घमेले घेऊन उभे राहणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. १९६६ मध्ये सान्या हे नाव सरकारी पत्त्यांतून काढून टाकण्यात आले. माणसे तेथेच राहिली. तेथल्या नामिदाबाशी, म्हणजे अश्रूंच्या पुलाखाली, दारूत बुडालेला जुना मुष्टियोद्धा दान्पेई आपली तालीम उघडतो. हरलेली माणसे हा पूल ओलांडून वस्तीत येतात. आपण तो उलट दिशेने ओलांडायचा, हे त्याचे स्वप्न.

या पुलाला ते नाव का पडले, हे मालिकेपेक्षा इतिहास अधिक सांगतो. जवळच कोझुकाप्पारा येथे वधस्थान होते. मृत्युदंड झालेल्याला नातलग येथे अखेरचे भेटत. वधस्थानावरची आणि मृतदेहांची कामे जपानमधील बहिष्कृतांकडे होती. ज्यांना 'एता' म्हणत, जनावरांचे कातडे आणि मृत शरीर यांच्याशी संबंध म्हणून अपवित्र ठरवीत, त्यांच्याकडे. १७७१ मध्ये याच ठिकाणी सुगिता गेन्पाकू हे वैद्य शवविच्छेदन पाहावयास गेले आणि त्यातून १७७४ मध्ये जपानी वैद्यकाला वळण देणारा शरीररचनेचा ग्रंथ निघाला. शव कापून एकेक अवयव दाखवणारा माणूस नव्वद वर्षांचा एता होता. वैद्यांची नावे इतिहासाला पाठ आहेत. त्या म्हाताऱ्याची ओळख सुगितांनी आठवणींत दिली ती अमक्याचा आजोबा एवढीच.

१८७१ च्या फर्मानाने ही बहिष्कृतता कायद्याने संपली. व्यवहारात ती न संपल्यामुळेच १९२२ मध्ये क्योतोत सुइहेइशा ही त्यांची संघटना स्थापन झाली. 'जो'मध्ये दारिद्र्य आहे, बालसुधारगृह आहे, पोलीस आहेत, गरिबांवर दया करणारी श्रीमंत तरुणी योको आहे आणि त्या दयेवर थुंकणारा जोदेखील आहे. बुराकू समाजाचे नाव नाही. अश्रूंचा पूल घेतला, अश्रू कोणाचे ते घेतले नाही. जपानी पुरोगामी कलेची ही जुनी सवय दिसते. आपल्याकडील डाव्या कलावंतांशी तिचे नाते सांगण्यासाठी शब्द खर्च करण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. जोचा प्रतिस्पर्धी रिकीइशी त्याच्या वजनगटात उतरण्यासाठी अन्नपाणी तोडतो, जिंकतो आणि मरतो. मार्च १९७० मध्ये कवी व नाटककार शुजी तेरायामा यांच्या पुढाकाराने या काल्पनिक पात्राची अंत्ययात्रा झाली. प्रकाशनसंस्थेत सुमारे ७०० लोक जमले. त्याच महिन्याच्या अखेरीस विमान पळवून नेणाऱ्या डाव्या तरुणांनी आपण 'उद्याचा जो' असल्याचे जाहीर केले. विद्यापीठात शिकलेल्या तरुणांना वस्तीतला मुलगा हवा होता तो जळून पांढरी राख होणारा. शेवटच्या लढतीनंतर जो कोपऱ्यात बसून राहतो ते चित्र विलक्षण आहे, हे नाकारत नाही. पण 'गोलपिठा' आणि दलित पँथर ज्या १९७२ सालात आले, त्याच काळात तेथे वस्तीच्या संतापाचे असे देखणे स्मारक होत होते. वस्तीतल्या मुलाने जगून, म्हातारे होऊन, भाडे थकवून, संघटना बांधून राहावे, अशी कथा त्यांना सुचली नाही. आपल्याकडेही ती फार जणांना सुचत नाही.

याच काजिवारा यांची नोबोरू कावासाकी यांच्या चित्रांसह आलेली दुसरी कथा 'क्योजिन नो होशी', मालिकेच्या रूपात १९६८ ते १९७१, १८२ भाग. चाळीसारख्या घरात राहणारा, मजुरी करणारा माजी बेसबॉलपटू बाप आपल्या मुलाला निर्दयपणे घडवतो. ही कथा जपान्यांनी आपल्या मुंबईत आणली, हे पुष्कळांच्या लक्षात नाही. 'सूरज : द रायझिंग स्टार' या नावाने ती डिसेंबर २०१२ पासून कलर्स वाहिनीवर २६ भागांत दाखवली गेली. बेसबॉलचे क्रिकेट झाले, टोकियोची मुंबई झाली. मुलाच्या अंगावर कसरतीसाठी बांधलेल्या लोखंडी स्प्रिंगा येथे बालछळ वाटतील म्हणून सायकलच्या ट्यूब आल्या. इतका बारीक विचार झाला. झोपडपट्टीतल्या मुलाने क्रिकेट खेळायचे ठरवले तर त्याला या शहरात श्रीमंत प्रतिस्पर्ध्याखेरीज आणखी कोण आडवे येते, हा विचार झाला नाही. मालिकेत झोपडी दिसते, जात दिसत नाही.

आणि याच प्रांताच्या क्रिकेटमध्ये ती कथा तयार होती. चर्मकार समाजातील पालवणकर बाळू पुण्यात जिमखान्यावर महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडत, रोलर ओढत. नंतर युरोपियनांच्या क्लबात त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करावयास मिळाली. फलंदाजी कधी दिली गेली नाही. हिंदू संघाने गरज म्हणून त्यांना घेतले, पण चहा तंबूबाहेर, मातीच्या पेल्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने शंभरावर बळी घेतले. तरी कर्णधारपद नाही. १९३७ मध्ये ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीस उभे राहिले आणि हरले, म्हणून आपणही त्यांच्याविषयी बोलताना जरा अडखळतो. अडखळू नये. प्रतिभावान दलिताला व्यवस्था कशी वापरते, हेही त्याच कथेचे प्रकरण आहे.

पण त्या घरातला माझ्या मते सर्वांत मोठा प्रसंग १९२० चा आहे. बाळूंना वगळले गेले, विठ्ठल यांना डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी हिंदू संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. खेळावरच्या ज्या मालिका मी पाहिल्या, त्यांतल्या सर्व नायकांना कोणत्याही अटीवर खेळायचेच असते. हात मोडो, डोळा जावो, अन्नपाणी तुटो, ते मैदानात उतरतात. सामन्याच्या तोंडावर, पूर्ण फॉर्मात असताना, 'या अटींवर आम्ही खेळत नाही' असे सांगून बूट काढून ठेवणारा नायक त्यांतल्या एकीतही मला भेटला नाही.