अर्धे यकृत, अर्धे सत्य

यकृतदानावरील लोकप्रिय लेखांत एक उपमा हटकून भेटते: पालीच्या शेपटीसारखे यकृतही पुन्हा उगवते. व्याख्यानांतून आम्हीही ती वापरली आहे. आता मात्र ती खटकते.

यकृताचे आठ खंड असून प्रत्येकास रक्तवाहिन्यांची व पित्तनलिकेची स्वतंत्र शाखा असते, हे फ्रान्समधील कुईनो यांनी १९५७ साली मांडले. या रचनेमुळेच यकृताची वाटणी शक्य झाली. १९८८ साली जर्मनीत पिख्लमायर यांनी एका मृत दात्याचे यकृत विभागून त्याचा लहान भाग एका मुलास व मोठा भाग एका प्रौढास बसवला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात रसेल स्ट्राँग यांनी जिवंत मातेच्या यकृताचा भाग तिच्या मुलास यशस्वीपणे दिला. पहिल्या युक्तीने एका यकृताची दोन होतात. दुसरीत मृत दात्याची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही कल्पना निःसंशय मोठ्या आहेत.

पण कापून दिलेला खंड पुन्हा उगवत नाही. उरलेल्या खंडांतील पेशींचे विभाजन होऊन तेच खंड मोठे होतात व काही महिन्यांत वजन बरेचसे भरून येते. मूळचा आकार परतत नाही. म्हणजे शेपटीची उपमा शास्त्रदृष्ट्या चूक आहे.

याहून गंभीर गोष्ट ही, की ती धोका झाकते. लहान मुलास डावीकडचे दोन खंड पुरतात. प्रौढास बहुधा उजवा भाग लागतो. तो दात्याच्या यकृताचा सुमारे ६० टक्के असतो. धडधाकट माणसावरील ही मोठी शस्त्रक्रिया आहे. तीत रक्तस्राव किंवा पित्तगळती होऊ शकते. हजारात एक ते पाच दाते दगावतात, असा अंदाज आहे.

भारतात बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकांकडूनच मिळतात आणि दात्यांत स्त्रियाच अधिक असतात. 'पुन्हा उगवतेच की!' असे सारे घर म्हणत असताना पत्नीने नाही कसे म्हणावे? १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूस मान्यता दिली, तरी मृत्यूनंतरचे दान अजून थोडेच आहे. ती उणीव शस्त्रवैद्याचे कौशल्य एकटे भरून काढू शकत नाही.

वर्गात हा विषय शिकवताना शेपटी वगळावी आणि आठ खंडांची आकृती काढावी. दात्याचा धोकाही त्याच फळ्यावर लिहावा.